दोन लाडू ओट्यात

विहिणीची गाणी म्हणजे शिव्या. आमच्या कंधारकडच्या खेड्यांत लग्नाची शेवटची पंगत बसली, नवरदेवाकडच्या बाया ताटावर आल्या, की नवरीकडच्या बायांनी भिंतीला टेकून बसायचं आणि त्यांना गाण्यातून शिव्या घालायच्या. वाजंत्री नाही, पेटी नाही, पुरुष जवळ नाहीत. विहीण जेवता जेवता ऐकते, हसते, मधेच रागावल्याचं सोंग करते. पंगत उठली की ती गाणारणीला चोळीचा खण देते. खण दिला की शिवी फिटली. मग तिचा राग कुणी धरायचा नाही, आणि ते गाणं परत कुणी म्हणायचं नाही.

मला ही गाणी चुलत सासूनं शिकवली. तिचा एक नियम होता. शिवी खोटी पाहिजे. हडकुळ्या विहिणीला म्हैस म्हणायचं, गोरीला काळी, बागायतवालीला भिकारीण. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हसू येतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका पंगतीत मी नवरदेवाच्या मावशीला तिरळी म्हटलं. ती तिरळी होतीच. चुलत सासूनं गाणं तिथंच तोडलं आणि भर पंगतीत माझ्या तोंडात मारली. कानातलं फूल तुटून कुणाच्या तरी वरणात पडलं.

"खरं म्हणायचं आसंल तर भांडायला जा," ती म्हणाली. "गायला बसू नको."

मला नियम माहीत नव्हता, असं म्हणायला मला जागा राहू नये म्हणून हे आधीच सांगितलं.

आता मोबाईलवर कार्यक्रम करणाऱ्या पोरी माझ्याकडं लातूरला येतात. खेड्यातल्या गाण्यापासून डीजेपर्यंतचा तुमचा प्रवास सांगा म्हणतात. मी सांगते, मार खात झाला आणि मार देत झाला. त्यांना वाटतं म्हातारी गंमत करते.

नवऱ्याला माझं गाणं आवडत नव्हतं असं नाही. तो गाण्यावरून मारायचा नाही. दुसऱ्या कुणी तारीफ केली की मारायचा. कधी कासऱ्यानं, कधी पराणीनं, हाताला लागेल त्यानं. एकदा लोह्याच्या बाजारात बांगड्यावाला म्हणाला, परवा तुमच्या मंडळींचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. घरी आल्यावर नवऱ्यानं भरलेला तांब्या तोंडावर फेकून मारला. पुढचा एक दात अर्धा गेला. तेव्हापासून माझ्या तोंडून स निघताना बारीक शिट्टी वाजते. लोकांना ती माझी लकब वाटते. दुसऱ्या गाणाऱ्या पोरी तशी शिट्टी काढायला बघतात, त्यांना जमत नाही, कारण त्यांचे दात धड आहेत. त्या दिवशी मीही त्याच्या दंडाला चावले. तो व्रण तो सरणावर असतानाही दिसत होता. दारूनं गेला. उशिरा, चाळिशीत झालेली मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मी सुतकातच चुलीपुढं बसून मोठ्यानं गायले आणि जावांनी कानावर हात ठेवले.

लातूरचा एक ऑर्केस्ट्रावाला एका लग्नात आला होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. विहिणीची गाणी ऐकायला तो मुदपाकाच्या आडोशाला उभा राहिला आणि नंतर मला म्हणाला, मावशी, हे ठेक्याच्या मशीनवर म्हणाल का. मी हो म्हटलं. गावातल्या भजनी मंडळात मी पंधरा वर्षं टाळ वाजवला होता. मी ऑर्केस्ट्रात जाणार हे कळलं तेव्हा मंडळाच्या म्होरकीनं माझ्या हातातला टाळ हिसकला आणि तोच फेकून मारला. भुवईवर चार टाके पडले. मी मुलीला घेऊन लातूरला आले. एक खोली घेतली, पत्र्याची.

मशीनवर गाणं सोपं नव्हतं. खेड्यातलं गाणं दम सरला की थांबतं, बाई श्वास घेते, कुणाला पाणी वाढायला सांगते, मग पुढं चालतं. मशीन थांबत नाही. मी चुकायची आणि मास्तर ऑक्टोपॅडची काठी माझ्या बोटांच्या पेरांवर मारायचा. दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा जग उचलून त्याच्या डोक्यात घातला. त्याला टेंगूळ आलं. त्यानं ते चाचपलं, चहा मागवला आणि ठेका हळू केला. नंतर कितीतरी वर्षं आम्ही बरोबर काम केलं. त्यानं मला परत हात लावला नाही.

सुरुवातीला सिनेमातली गाणी म्हणणारी पोरगी दम खायला बसली की तेवढ्यापुरती मला उभी करायचे. मग लोक माझीच फर्माईश करायला लागले. हळदीला मी जात्यावरच्या ओव्या ठेक्यावर म्हणायची, बारशाला पाळणा, वरातीला सिनेमाची. खेड्यातले म्हणायचे, हिनं आपली गाणी बाटवली. ऑर्केस्ट्रातले म्हणायचे, ही दळण दळल्यासारखी गाते. दोन्हीकडून शिव्या, आणि दोन्हीकडून बोलावणी.

उमरीकडं एका हळदीत दोन भावक्या फर्माईशीवरून भिडल्या. एकांना पाळणा पाहिजे होता, दुसऱ्यांना नाचायचं गाणं. खुर्च्या उडाल्या, एकाचं कपाळ उघडं पडलं, रक्त माझ्या पायाजवळच्या वायरीवर सांडलं. मी गात राहिले, कारण गाणं थांबलं की लोक स्टेजकडं येतात हे मला कळून चुकलं होतं. तरी एक जण वर चढला आणि त्यानं माझा पदर ओढला. मी माइकचा स्टँड उलटा धरून त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज स्पीकरमधून सगळ्या मांडवाला ऐकू गेला. तेव्हापासून मला मारकी बाई म्हणायला लागले. त्यानं माझं काही नुकसान झालं नाही.

मुलगी दहावी झाली, दोन वर्षं शिवणकाम शिकली, आणि मी तिचं लग्न अहमदपूरच्या पुढच्या एका खेड्यात ठरवलं. जावयाची पिठाची गिरणी होती. घरात तो, त्याची आई आणि त्याची म्हातारी आजी. विहीणबाई रुंद हाडाची, कष्ट करून तळहात भेगाळलेले. लग्नाला नवं हिरवं लुगडं नेसून आली होती.

माझ्या मुलीचं लग्न, म्हणून गाणारीण मीच. माइक लावू नका म्हणून मी मास्तरला बजावलं होतं. शेवटच्या पंगतीत बाया ताटावर बसल्या. मी भिंतीला टेकून विहिणीला काय म्हणावं याचा विचार करत तिच्याकडं बघत होते. वाढपी बुंदीचे लाडू घेऊन आला. तिनं एक ताटात घेतला. तो पुढं सरकला, परत आला, तिनं आणखी दोन घेतले आणि हळूच लुगड्याच्या ओट्यात टाकले. बाकी कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं आणि माझ्या तोंडातून गाणं निघालं:

विहीण आली थाटात, पानाचा रंग ओठात,
एक लाडू ताटात, दोन लाडू ओट्यात.

बाया हसून लोळल्या. विहिणीचा हात घासासकट थांबला. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं, मग मान खाली घालून जेवत राहिली. मी तेच दोनदा, तीनदा म्हटलं, कारण लोक हसत होते. पंगत उठल्यावर तिनं रीतीप्रमाणं मला खण दिला. हिरवाच होता, लाल काठाचा. मी कपाळाला लावला. फिटलं.

पाठवणीच्या वेळी मुलगी गळ्यात पडली, ती रडत नव्हती. माझ्या कानात म्हणाली, "माय, तुजं मन भरलं का?"

लाडू कुणासाठी होते ते मला सहा महिन्यांनी मुलीकडून कळलं. घरातली आजेसासू अंथरुणाला खिळलेली होती. अन्न घेत नव्हती, फक्त गोड मागायची. विहिणीनं सासूसाठी नेले होते. मला हे त्या पंगतीत माहीत असतं तरी मी गायले असते. यमक जुळलं होतं.

दोन वर्षांनी मास्तरला एक डीजेवाला भेटला. गादीचे तुकडे भिंतीला ठोकलेल्या एका खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करत होतो. दोन गाणी झाली, दोन्ही पडेल होती. डीजेवाला म्हणाला, आजी, काहीतरी झोंबणारं म्हणा. मी लाडवाचं गाणं म्हटलं. खण घेतला होता, गाणं मिटलं होतं, तरी म्हटलं. कुणाचं नाव तर घेतलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानं खाली ढोल टाकला, माझी शिट्टी चार वेळा उलटसुलट केली, आणि महिनाभरात नांदेडपासून लातूरपर्यंत एकही वरात त्या गाण्याशिवाय निघेना. शाळेतली पोरं म्हणायची, रिक्षावाले लावायचे. मी साठी ओलांडली होती आणि लोक माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लावत होते. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.

पण लग्नाच्या त्या पंगतीत शंभर बाया होत्या. गाण्यातली विहीण कोण, हे तिच्या गावात गाणं पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना माहीत झालं.

तिच्या गावात एक वरात निघाली. भर दुपारची वेळ. डीजेची गाडी गिरणीपुढं आली तेव्हा पोरांनी मुद्दाम ते गाणं लावलं. शर्टाच्या पुढच्या टोकात लाडू घेऊन नाचले आणि नाचता नाचता ते विहिणीच्या अंगणात फेकले. जावई कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. त्यानं स्पीकर फोडला, डीजेवाल्याच्या मांडीत एक घाव घातला. मग वरातीतल्या वीस-पंचवीस जणांनी त्याला खाली पाडून लाथांनी तुडवलं. दोन दात, एक बरगडी. त्याच्या चुलत्याचं डोकं फुटलं. अहमदपूरच्या दवाखान्यात टाके घालून जावई घरी आला आणि त्यानं गिरणीचा जुना पट्टा खुंटीवरून काढून माझ्या मुलीला मारलं.

हे मला लगेच कळलं नाही. तिचा फोन आला तो पंधरा दिवसांनी, मागं गिरणीची घरघर चालू होती.

"माय, ते गाणं बंद कर," ती म्हणाली. "लोक दळण घिऊन येतेत अन् गुणगुणतेत. एकानं गुणगुणलं की मला एक पट्टा बसतोय."

मी म्हटलं, बघते. मास्तरकडं गेले. तो म्हणाला, मावशी, आता ते प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हाय, कुणाकुणाच्या खिशात हात घालू. दुसऱ्या तिघींनी ते आपापल्या आवाजात भरलंही होतं. एकीनं तर दोनाचे चार लाडू केले होते. मला तिचा राग आला. माझ्या मुलीला पट्टे बसत होते आणि मला राग आला तो कुणीतरी माझे लाडू वाढवले म्हणून.

मी दोन महिने मुलीकडं गेले नाही. लग्नसराई होती, कार्यक्रम लागलेले. त्या दोन महिन्यांत मी स्वतः ते गाणं रोज गायले.

शेवटी गेले ते शेजारच्या गावच्या एका बाईनं येऊन सांगितलं म्हणून. ती म्हणाली, तुमची लेक गिरणीत दळण घेते तेव्हा उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालते. मी पेटीतून तो हिरवा खण काढला. शिवला नव्हता. नारळ घेतला, तांदूळ घेतले, एसटीत बसले. माझ्या मनात एवढंच होतं की खण देऊन शिवी फिटते, तर खण परत देऊन गाणारीणही सुटत असेल. अशी रीत कुठंच नाही. मी ती वाटेत बसल्या बसल्या तयार केली.

विहीणबाई ओसरीवर तूर पाखडत होती. जावई गिरणीच्या दारात उभा, तोंडातली पुढची फट दिसत होती. मुलगी आतून डोकावली आणि मागं झाली. मी खण आणि नारळ विहिणीपुढं ठेवला, पदर पसरला. आयुष्यात मी तेवढा एकदाच पदर पसरला. म्हटलं, चूक झाली, माझ्या पोरीला मारू नका.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी तुला खण दिल्ता," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर दिल्ता. मंग कशापाई म्हटलीस?"

मी नारळ तिच्याकडं आणखी सरकवला.

"लाडू कुणाला नेले ते तुला ठावं हाय?"

मी म्हटलं, हाव.

"तर मंग ते बी म्हण. मह्या सासूला नेले, तिला कुस्करून चारले, ते गाण्यात घाल. अन् त्येच समद्या गावांतून वाजव. मी तुह्या लेकीला पोटच्या पोरीवाणी ठेवते."

तिनं मागितलं ते एवढंच. मी त्या क्षणी हो म्हणायला पाहिजे होतं. खोटं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी गाणारीण, माझं डोकं लगेच ओळी जुळवायला लागलं, आणि जुळेना. मी म्हणाले, "त्याला यमक बसंना."

तिनं सूप उचललं आणि त्याची कड माझ्या तोंडावर मारली. ओठ फाटला. मी तिचे केस धरले. आम्ही दोन म्हाताऱ्या तुरीच्या दाण्यांत लोळत एकमेकींना बुक्के मारत होतो. जावई धावत आला आणि त्यानं माझा गळा धरला, दोन्ही अंगठे नरड्यावर. तो म्हणत होता, आता गा. माझ्या डोळ्यांपुढं काळं यायला लागलं तेव्हा मुलगी मध्ये घुसली. तिनं त्याची बोटं सोडवली. त्यानं एक हात मोकळा करून तिच्या डाव्या कानावर मारली. असा मार मी उभ्या आयुष्यात खूप पाहिला होता, पण तो आवाज वेगळा होता. ती गुडघ्यावर बसली आणि तिच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली.

ओसरीच्या कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता. मी वरवंटा उचलला आणि जावयाच्या उजव्या मनगटावर घातला. तो वाकला, मग कोपरावर घातला. तिसरा घाव डोक्यावर घालणार होते. विहिणीनं माझे पाय धरले म्हणून राहिला. ती खाली पडून माझे पाय धरून होती, आणि तिच्या मुठीत अजून माझे केस होते.

मुलीला घेऊन मी सडकेला आले. जीप मिळाली. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, कानाचा पडदा गेला, आतलंही गेलं. त्यांनी माझ्यावर फिर्याद दिली, मी त्यांच्यावर. दोन्ही खटले अजून चालू आहेत. जावयाचा हात कोपरात सरळ होत नाही, असं वकील सांगतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. विहिणीचं कधीकधी वाटतं. तिची सासू त्याच पावसाळ्यात गेली.

मुलगी आता माझ्याजवळ असते. ब्लाऊज शिवते आणि कार्यक्रमाला माझ्याबरोबर येते. माझ्या डाव्या हाताला बसते, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडं होतो. तिनं मला बोल लावला नाही. बोलतेच कमी.

वर्षभर मी ते गाणं गायले नाही. जिथं जाईन तिथं फर्माईश यायची. लाडू, लाडू म्हणून लोक ओरडायचे, मी दुसरं काहीतरी म्हणायची आणि बोलावणी कमी होत गेली. मास्तरनं दुसरी बाई घेतली. मी एकटीच कीबोर्डवाल्या एका पोरीला घेऊन जायला लागले.

गेल्या संक्रांतीनंतर नांदेडात एका मोठ्या मैदानात हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, पुढं बाया, मागं पोरांची झुंबड. पहिल्या गाण्यालाच लाडू सुरू झालं. मी त्या दिवशी नाही म्हटलं नाही. घरी पंधरा दिवस घोळवलेलं डोक्यात होतं. 'विहीण आली थाटात, पानाचा रंग ओठात' इथून मी मूळ दोन ओळी म्हटल्या. मैदान नाचायला लागलं. मग पुढचं म्हटलं:

म्हातारी सासू खाटंवर, दात न्हाई तोंडात,
कुस्करून लाडू सुनेनं, घातला तिच्या ओठात.

नाच मोडला. लोकांना कळेना आता काय करायचं. मागून कुणीतरी ओरडलं, म्हातारे, नीट म्हण. मी परत तेच म्हटलं. पहिली बाटली स्टेजच्या कडेला आपटली, दुसरी माझ्या छातीवर. पाण्याची होती, अर्धी भरलेली. मी तिसऱ्यांदा म्हटलं. एक चप्पल आली, एक खडा आला, तो फुटलेल्या भुवईवरच लागला. बाया मुलं उचलून बाजूला सरकायला लागल्या. कीबोर्डवाली पोरगी वाद्य सोडून खाली उतरली. मग मशीन नव्हतंच. मी दम सरेल तिथं थांबत, श्वास घेत, चौथ्यांदा म्हटलं, आणि आयोजकांनी वीज बंद केली.

कुणी विहिणीला हे सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तिच्याकडून काही आलं नाही, आणि येईल म्हणून मी म्हटलंही नव्हतं. मोबाईलवर अजून पहिल्या दोनच ओळी वाजतात.

स्टेजमागं मुलीनं माझी भुवई पुसली. कापूस दाबून धरला. मी विचारलं, ऐकू आलं का सगळं.

"आलं," ती म्हणाली. "बसलं की यमक."

मी म्हटलं, हाव, बसलं.

"ओठात तर पयल्याच ओळीत हुतं, माय."

तिनं कापूस बदलला. मी उठून माइकची वायर गुंडाळायला घेतली.